कोरियन बौद्ध मठात परदेशी म्हणून राहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दक्षिण कोरियातल्या एका भिक्षुणी मठात राहून आले हे कळल्यापासून ओळखीचे, अनोळखी, नात्यातले असे बरेच जण तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हे बहुतांशी जोग्ये संप्रदायाबद्दल आहे. कोरियातला हा सगळ्यात मोठा बौद्ध संप्रदाय, मुख्यालय सोलच्या जोग्येसा मंदिरात. त्याचे भिक्षू ब्रह्मचारी असतात. तेगो संप्रदायात लग्न केलेले भिक्षूही असतात, तिथलं वातावरण वेगळं.

टेम्पलस्टे केला म्हणजे मठात राहिलो असं म्हणता येईल का?

म्हणा, कोण अडवणार! पण दोन्ही गोष्टी वेगळ्या. टेम्पलस्टे २००२ साली फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी सुरू झाला, परदेशी पाहुण्यांना राहायला जागा हवी होती म्हणून. आता देशभरातली मंदिरं तो चालवतात. एक-दोन रात्री राहायचं, ढगळ पँट आणि जाकीट घालायचं, भिक्षूंबरोबर चहा प्यायचा, १०८ दंडवत घालत एकेक मणी ओवून माळ करायची. छान असतो, जरूर करा. त्यात तुम्ही पाहुणे असता आणि पाहुण्याच्या चुका कोणी मोजत नाही.

मठात महिनोन्‌महिने राहिलं की तुम्ही पाहुणे उरत नाही आणि घरचेही होत नाही. पुढची बरीच उत्तरं या मधल्या अवस्थेबद्दल आहेत.

परदेशी माणसाला कोणते मठ ठेवून घेतात?

याला आता पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे. १९७०च्या दशकात नैऋत्य कोरियातल्या सोंगग्वांगसा मठात कुसान सुनिम (सुनिम म्हणजे भिक्षू किंवा भिक्षुणी) या ज्येष्ठ गुरूंनी पाश्चात्त्य शिष्यांना जागा दिली. तिथे परदेशी तरुण-तरुणी वर्षानुवर्षं राहिले, कोरियन शिकले, दीक्षा घेतली. दुसरा धागा सुंग सान सुनिम यांचा (१९२७–२००४). ते उलट अमेरिकेत गेले, १९८३ मध्ये क्वान उम झेन स्कूल स्थापन केलं आणि त्यांचे परदेशी शिष्य मग कोरियात येऊ लागले. सोलच्या ह्वाग्येसा मंदिरात ते बरीच वर्षं राहत. २०००च्या सुमारास ग्येर्योंगसान डोंगराच्या पायथ्याशी मुसांगसा मठ उभा राहिला. तिथे इंग्रजीतून काम भागतं, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने त्याचा विचार जरूर करावा.

निव्वळ कोरियन मठात राहायचं तर ओळख लागते. कोणा सुनिमने शब्द टाकल्याशिवाय दार उघडत नाही, आणि ते मला योग्यच वाटतं.

दिवस कसा जातो?

पहाटे तीनला उठायचं. हल्ली काही मठांत चार वाजतात. गजर नसतो. एक भिक्षुणी मोकताक, म्हणजे पोकळ लाकडी वाद्य, वाजवत आणि मंत्र म्हणत सगळ्या आवारात फिरते. आवाज आधी अगदी हळू, मग चढत जातो. मोठ्या मठात त्यानंतर ढोल, लाकडी मासा, ढगाच्या आकाराची धातूची थाळी आणि शेवटी मोठी घंटा, अशी चार वाद्यं क्रमाने वाजतात. मग मुख्य सभागृहात पूजापाठ, ज्याला येबुल म्हणतात.

सहाला नाश्ता, म्हणजे पूर्ण जेवणच. मग झाडलोट. दहाच्या आसपास बुद्धाला भाताचा नैवेद्य, साडेअकराला जेवण. दुपारी काम किंवा ध्यान, पाचला रात्रीचं जेवण, सहा-साडेसहाला पुन्हा येबुल आणि नऊला दिवे बंद.

पहिले काही दिवस झोपेशी झुंज असते. नंतर शरीर ऐकतं. खरा त्रास भारतात परतल्यावर होतो. घरचे रात्री साडेनऊला जेवायला बसतात तेव्हा आपले डोळे मिटत असतात.

ध्यान किती तास?

तुम्ही मठात कुठे आहात आणि कोणत्या ऋतूत आहात त्यावर ते ठरतं. वर्षातून दोनदा तीन-तीन महिन्यांचा आनगॉ असतो, आपल्या वर्षावासाचाच कोरियन अवतार. उन्हाळ्यातला चांद्र चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेपासून सातव्याच्या पौर्णिमेपर्यंत, म्हणजे साधारण वैशाखी पौर्णिमा ते नारळी पौर्णिमा. हिवाळ्यातला दहाव्यापासून पहिल्यापर्यंत, साधारण कार्तिकी ते माघी पौर्णिमा. दर वेळी सुमारे २,००० भिक्षू-भिक्षुणी देशभरातल्या ध्यानगृहांत बसतात. तिथे पन्नास मिनिटं बसणं आणि दहा मिनिटं चालणं, हे चक्र पहाटेपासून रात्रीपर्यंत. सुरुवात आणि शेवट बांबूच्या टिपरीने होतो. हिवाळ्यात बुद्धाच्या ज्ञानप्राप्तीच्या दिवसाआधी अनेक ठिकाणी आठवडाभर न झोपता बसतात.

बसून करायचं काय? एकच प्रश्न धरून ठेवायचा. सगळ्यात प्रचलित प्रश्न: «हे काय आहे?» उत्तर शोधायचं नसतं. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरांतून गेलेल्या मराठी लोकांना हे सुरुवातीला विचित्र वाटतं, कारण इथे श्वासावरून, संवेदनांवरून पायरीपायरीने कोणी नेत नाही. वर्षभरात तंत्राबद्दल एखादं वाक्य मिळालं तरी खूप.

आणि सगळा मठ ध्यानाला बसतो अशी समजूत असेल तर ती सोडा. स्वयंपाकघर, कार्यालय, शेत, भाविकांचे विधी हे सांभाळणाऱ्या माणसांमुळे बाकीचे बसू शकतात. परदेशी माणूस पुष्कळदा याच मंडळींत असतो.

जेवणाचं काय? शाकाहारी माणसाचे हाल होतात ना?

कोरियात शाकाहारी माणसाचे हाल होतातच, पण मठ सोडून. मठात मांस, मासे, अंडी काहीच नसतं. बाहेरच्या किमचीत, म्हणजे मसाला लावून आंबवलेल्या भाजीत, मासळीचा खार असतो, मठातल्या किमचीत तो नाही आणि लसूणही नाही.

पाच उग्र वनस्पती वर्ज्य आहेत: लसूण, पातीचा कांदा, रानकांद्याचा एक प्रकार, एक लसणीसारखी पात आणि पाचवी, कोणाला पटणार नाही, हिंग. हिंग कोरियात पिकत नाही आणि स्वयंपाकात कोणी पाहिलेलाही नसतो, तरी जुन्या यादीत तो आहे. प्रत्यक्षात त्याच्या जागी आता आपला नेहमीचा गोल कांदा टाळतात. आपल्याकडे उपासाला आणि चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी मंडळी डाळीला हिंगाचीच फोडणी देतात, त्यामुळे मी हे सांगितल्यावर आमची स्वयंपाकीण पोट धरून हसली. तात्पर्य: डबीभर हिंग घेऊन जाऊ नका.

चव मात्र मिळमिळीत नसते. सोयाबीन आंबवून केलेलं द्वेनजांग, मिरचीचं गोचुजांग, तिळासारख्या पेरिला बियांचं तेल, वाळवलेले मशरूम, समुद्री शेवाळ, टोफू आणि डोंगरातून खुडून आणलेल्या दहा तऱ्हेच्या पालेभाज्या. बेग्यांगसा मठाच्या परिसरातल्या जॉन्गक्वान सुनिम या भिक्षुणीच्या हातची चव घ्यायला आता जगभरचे नावाजलेले शेफ येतात. रोज असं जेवण असतं असं मात्र नाही. भात, सार आणि तीच मुळ्याची किमची सलग कित्येक दिवस चालते. शेवयांचा बेत असला की सगळ्यांचे चेहरे उजळतात. मठाच्या बोलीत शेवयांना «भिक्षूचं हसू» असंच नाव आहे.

वाडग्यांचं ते शांत जेवण अवघड असतं का?

रीतच पाठ होईपर्यंत हो. एकात एक बसणारे चार वाडगे: भात, सार, भाज्या आणि पाणी. सगळे ज्येष्ठतेच्या क्रमाने मांडी घालून बसतात. बोलणं नाही, चमच्याचा आवाज नाही. एरवी कोरियात वाडगा उचलून खाणं असभ्य, इथे मात्र तो तोंडासमोर धरून खायचा, चावताना तोंड दिसू नये म्हणून. लागेल तेवढंच घ्यायचं. किमचीचा एक तुकडा धुवून बाजूला ठेवायचा, शेवटी भाताच्या खरपुडीचं कोमट पाणी घालून त्या तुकड्याने वाडगे पुसायचे, तुकडा खायचा आणि ते पाणी प्यायचं. मग स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवायचं. ते पाणी एका भांड्यात गोळा होतं. ते भुकेल्या प्रेतात्म्यांसाठी असतं आणि त्यांचा गळा सुईएवढा म्हणून त्यात अन्नाचा कणही नको. कण दिसला तर ते पाणी त्या रांगेला प्यायला लावतात, असा धाक नवख्यांना घालतात.

ताटात टाकू नये हे शिकलेल्या माणसाला यातलं तत्त्व लगेच पटतं. अडचण वेगाची. कोरियन भिक्षुणी भयंकर भराभर जेवतात. तुमचं संपेपर्यंत सगळी रांग तुमच्याकडे न बघता तुमची वाट पाहत बसते.

कामं कोणती करावी लागतात?

झाडणं, तण काढणं, बर्फ ओढणं, भांडी, भाज्या निवडणं. सगळ्यांनी मिळून करायच्या कामाची हाक आली की ज्येष्ठ असो की नवखी, सगळ्यांनी यायचं. वर्षातला मोठा सोहळा नोव्हेंबरच्या आसपासचा किमजांग, म्हणजे हिवाळ्याची किमची घालणं. या प्रथेला २०१३ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. युनेस्कोला कंबर नसते हे तेव्हा कळतं. कोबीचे ढीग चिरायचे, मिठात घालायचे, रात्री उठून वरखाली करायचे, गार पाण्यात तीन-तीनदा धुवायचे, मग पानापानात मसाला भरायचा. गावातल्या आजीबाई मदतीला येतात आणि तुमच्या लग्नाची चौकशी करतात.

मला विचाराल तर भाषेपेक्षा आणि ध्यानापेक्षा त्या कोबीने मला मठात जास्त आत घेतलं.

कोरियन येत नसेल तर?

आंतरराष्ट्रीय मठात चालून जातं. इतरत्र किमान लिपी शिकून जा. ती काही दिवसांत येते, आणि मग पोथी वाचत पाठात सूर मिसळता येतो. प्रज्ञापारमिता हृदयसूत्र रोज असतं. शेवटी «आजे आजे बारा-आजे» ऐकू आलं की समजा, आपलं «गते गते पारगते» चाललं आहे.

कोणाला काय म्हणायचं?

भिक्षू असो वा भिक्षुणी, «सुनिम». उपासक बाईला «बोसालनिम», पुरुषाला «गॉसानिम». मठाधिपती «जुजी सुनिम». नुसत्या नावाने कोणी कोणाला हाक मारत नाही. भेटल्यावर हात जोडून कमरेतून वाकायचं. आपल्याला नमस्काराची सवय असल्याने हे सोपं जातं, पण आपण मान हलवून भागवतो, तिथे खरंच वाकावं लागतं.

आणखी एक: सभागृहाच्या मधल्या दारातून आत जायचं नाही. ते ज्येष्ठांचं. आपण बाजूच्या दाराने जायचं आणि चपला बोटं बाहेर करून नीट लावायच्या.

भारतातून आलो म्हटल्यावर कसं वागवतात? जात विचारतात का?

हा दुसरा प्रश्न मला कोरियात कोणी केला नाही, इथे मात्र पुष्कळांनी केला. जात नाही विचारत. वय विचारतात, पहिल्या पाच मिनिटांत. पण मठात वयालाही दुसरं स्थान. दीक्षा घेऊन किती वर्षं झाली त्यावर बसण्याची जागा ठरते. तिशीतली भिक्षुणी पन्नाशीतल्या नवदीक्षितेच्या वर बसते आणि ते दोघींनाही सहज वाटतं. हा उतरंडीचाच प्रकार आहे, तोंड आवळून सोसावा लागतो. पण यात आज तळाला असलेली बाई वर्षांगणिक वर सरकते, जन्माने कोणी तिथेच अडकत नाही. आपल्याकडून गेलेल्या माणसाला हा फरक लक्षात आल्यावाचून राहत नाही.

भारताबद्दल म्हणाल तर बुद्धाचा देश म्हणून कौतुक होतं. बऱ्याच जणी बोधगयेची यात्रा करून आलेल्या असतात. मग आता तिकडे बौद्ध इतके कमी का, असं भाबडेपणाने विचारतात. १९५६ ची नागपूरची दीक्षा, बाबासाहेब, हे आमच्या मठात कोणालाच माहीत नव्हतं. मी सांगायला लागले तर रात्री नऊचे दिवे बंद व्हायला त्या दिवशी अर्धा तास उशीर झाला.

मी आंबेडकरी बौद्ध आहे. तिथला बौद्ध धर्म मला पटेल का?

काही पटेल, काही टोचेल. मुख्य सभागृहाच्या मागे चढावर एक छोटं देऊळ दिसेल, आत पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि शेजारी वाघ. तो डोंगराचा देव, सानशिन. जवळपास प्रत्येक मठात असतो. बौद्ध धर्म येण्याआधीची लोकदैवतं मठाने हाकलली नाहीत, मागच्या अंगणात जागा दिली. शिवाय नवसही असतात. नोव्हेंबरच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेआधी आया शंभर-शंभर दिवस प्रार्थना करतात. देगूजवळच्या पालगोंगसान डोंगरावर डोक्यावर सपाट दगड असलेली बुद्धमूर्ती आहे, तिच्यापुढे त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. माणूस गेल्यावर दर सात दिवसांनी विधी करून एकोणपन्नासाव्या दिवशी त्याला निरोप देतात. बहुतेक मठांच्या उत्पन्नात या विधींचा मोठा वाटा असतो.

बावीस प्रतिज्ञा मनापासून पाळणाऱ्याला हे पाहून प्रश्न पडणारच. मी सानशिनच्या पूजेला बाहेर उभी राहत असे. कोणी हरकत घेतली नाही, कारणही विचारलं नाही. एकदा फक्त एक वृद्ध सुनिम म्हणाल्या, वाघाला तरी केळं देऊन ये.

बायकांना दुय्यम वागवतात का?

भिक्षुणी मठात कोण वागवणार? कोरियात भिक्षुणींचा संघ मोठा आणि स्वतःच्या पायावर उभा आहे. त्यांचे मठ, ध्यानगृहं, अभ्यासकेंद्रं त्याच चालवतात. चॉन्गदोचं उनमुनसा हे त्यांचं नावाजलेलं विद्यापीठ म्हणावं असं ठिकाण. पूर्ण दीक्षेत भिक्षूंना २५० आणि भिक्षुणींना ३४८ नियम, हा फरक मात्र आहे. संप्रदायाच्या वरच्या पदांवर पुरुषच दिसतात. याबद्दल तरुण भिक्षुणी चहाच्या वेळी जे बोलतात ते मी इथे लिहिणार नाही.

सगळ्यात अवघड काय?

एकटं न राहता येणं, आणि तरी एकटं पडणं.

झोप एका मोठ्या खोलीत, गरम फरशीवर गाद्या घालून. अंघोळ सामायिक न्हाणीघरात, सगळ्याजणी, अंगावर काही न घालता. पंधरवड्यातून एकदा डोकी भादरायचा दिवस असतो, त्या दिवशी न्हाणीघरात पाठी घासून देण्याचा कार्यक्रम चालतो. लाज दुसऱ्या खेपेला संपते. संपत नाही ते सतत सगळ्यांबरोबर हलणं. मठ म्हणजे गुरू नव्हे, ग्रंथ नव्हे, तर ही सगळी मंडळी, असं तिथे मानतात. मंडळींनी ठरवलं तर गायही कापावी लागेल, अशी एक म्हण हे कडक शाकाहारी लोक बिनधास्त वापरतात. ताप असला तरी येबुलला उभं राहायचं की पडून राहायचं, हेही तुमचं तुम्ही ठरवत नाही. कोणीतरी कपाळाला हात लावून ठरवतं. आणि लावतं हेही खरं.

सूचना कोणी स्पष्ट देत नाही. बाकीच्या काय करतात ते बघून ओळखायचं. परदेशी माणसाला इथे दुहेरी फटका: खाणाखुणा कळत नाहीत, आणि ही परकी आहे म्हणून चूक सांगतही नाहीत. तुम्हाला कोणी पहिल्यांदा चारचौघांत रागावलं की वाईट वाटून घेऊ नका, बढती झाली असं समजा.

फोन वापरता येतो का?

आनगॉमध्ये नाही. एरवी सुनिम मंडळी काकाओटॉकवर, म्हणजे तिथल्या व्हॉट्सअॅपवर, आपल्यापेक्षा जास्त असतात.

खर्च आणि व्हिसा?

टेम्पलस्टेला रात्रीचे साधारण पन्नास हजार ते एक लाख वॉन, जेवणासकट. मठात राहणाऱ्याचं मठानुसार ठरतं: कुठे ठरलेली रक्कम, कुठे श्रम हेच शुल्क. आनगॉ संपल्यावर बसलेल्या भिक्षूंना थोडा वाटखर्च मिळतो. तुम्हाला मिळेल अशी आशा नको.

भारतीय पासपोर्टवर कोरियाला आधी व्हिसा काढावाच लागतो. थोड्या दिवसांसाठी पर्यटक व्हिसा पुरतो. धार्मिक संस्थेच्या निमंत्रणावर दीर्घ मुक्कामासाठी डी-६ हा प्रकार आहे. त्याची कागदपत्रं मठाच्या कार्यालयाला करावी लागतात, म्हणून तिथला कारकून सुनिम तुमचा खरा आश्रयदाता. ९० दिवसांहून जास्त राहायचं तर परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते.

तिथेच दीक्षा घ्यायची असेल तर?

आधी किमान सहा महिने उमेदवारी. उमेदवारांचे कपडे वेगळ्या रंगाचे, काम सगळ्यात जास्त, बोलणं सगळ्यात कमी. मग श्रामणेर, म्हणजे प्राथमिक, दीक्षा, चार वर्षांचा अभ्यास आणि त्यानंतर पूर्ण दीक्षा. सगळं कोरियनमधून, बराचसा अभ्यास चिनी लिपीतल्या ग्रंथांतून. घरच्यांची समजूत घालायचं काम तुमचं. माझ्या आईला मी फक्त केस वाढवलेला फोटो पाठवत असे.

बुद्धजयंती कधी असते?

आपल्यासारखी पौर्णिमेला नाही, चांद्र चौथ्या महिन्याच्या अष्टमीला. २०२५ मध्ये ती ५ मे रोजी झाली आणि आपली १२ मे रोजी. मला तर दोन मिळाल्या. तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आधी काही आठवडे हाताला गोंद आणि रंगीत कागद चिकटलेला, कारण कमळाचे आकाशकंदील मठातच करतात. सोलच्या कंदील मिरवणुकीचा सोहळा २०२० पासून युनेस्कोच्या यादीत आहे. एकदा तरी जावं.

सामानात काय न्यावं?

जाड मोजे, भरपूर. सभागृहाची लाकडी फरशी जानेवारीच्या पहाटे बर्फासारखी असते आणि तिथे चपला नाहीत. आतून घालायचे लोकरी कपडे राखाडी किंवा काळे, भडक नकोत. गुडघ्यांना लावायचं मलम. बिनवासाचा साबण. भेट म्हणून चांगला चहा, मसाला न घातलेला. कोरियन चहाबद्दल भिक्षुणी फार काटेकोर असतात, पण दार्जिलिंगचा डबा मी नेला तो एका दुपारी संपला.